सही नसलेलं जुनं सागरचित्र कसं पारखावं

मागच्या वर्षी ग्रँट रोडजवळच्या एका जुन्या इमारतीतलं घर रिकामं होत होतं. सागवानी कपाटं, काचेच्या हंड्या, पितळी पलंग सगळं गेलं आणि रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी फुलस्केप कागदाएवढं एक तैलचित्र उरलं. राखाडी-हिरवा समुद्र, उजवीकडे लाकडी धक्का, लाटेवर कललेली मासेमारी होडी आणि पार मागे धुक्यात ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं जहाज. सही कुठेच नव्हती. “नाव नाही, म्हणजे कुणीतरी हौसेनं काढलेलं असणार,” असं म्हणून घरच्यांनी ते टाकून द्यायच्या सामानात ठेवलं होतं.

हा समज मला फार खुपतो. समुद्राच्या चित्रांत सही नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. सतराव्या शतकातल्या डच चित्रशाळांत गुरू, मुलगा आणि शिष्य एकाच चित्रावर काम करत. बंदरातले चित्रकार कप्तानाच्या मागणीवरून जहाजाचं चित्र काढून देत आणि कप्तानाला चित्रकारापेक्षा आपल्या जहाजाचं नाव मोलाचं वाटे. कॅन्टनचे चिनी चित्रकार परदेशी व्यापाऱ्यांसाठी बंदरांची दृश्यं रंगवत, तीही बहुतेक बिनसहीची. उलट, सही नसलेल्या चित्रात निदान कुणी खोटं नाव घुसडलेलं नसतं. म्हणून पारख करताना मी सही शोधण्यापासून सुरुवात करतच नाही. आधी चित्राची पाठ, मग त्यातलं जहाज, मग रंग, आणि चित्रकाराचं नाव सगळ्यात शेवटी.

पुसायचं नाही

सगळ्यात आधी हे, कारण इथे झालेलं नुकसान भरून येत नाही. मी पहिलं जुनं सागरचित्र घेतलं तेव्हा ते चहासारखं तपकिरी झालं होतं. कुणीतरी सांगितलं, कापलेला बटाटा फिरवा, लख्ख होतं. मी फिरवला. पाच मिनिटांत आकाश उजळलं आणि जहाजाचे दोर गेले. डोलकाठ्यांपासून खाली उतरणारे ते केसासारखे दोर चित्रकार सगळ्यात शेवटी, पातळ रंगानं, कधी वार्निश मिसळून काढतो. घासल्यावर पहिले तेच जातात. तीन डोलकाठ्या नुसत्या काड्यांसारख्या उभ्या राहिल्या आणि बटाट्याच्या फोडीवर तपकिरी डाग. ती फोड मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

म्हणून बटाटा, कांदा, पाव, थुंकी, बेबी ऑइल, ओला फडका यांतलं काही नको. मऊ, कोरड्या, रुंद ब्रशनं धूळ झटकता येते, तीही रंगाचे पापुद्रे सुटलेले नसतील तरच. पापुद्रे उचलले असतील तर चित्र आडवं ठेवा, रंग वरच्या बाजूला, आणि हात लावू नका.

टेबलावर काय हवं

पांढरी धुतलेली चादर, उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड, एक टॉर्च, मोजपट्टी, कॅमेऱ्याचा फोन आणि घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग. नोटा तपासायची जांभळी टॉर्च मिळाली तर उत्तम. हातमोज्यांचा आग्रह मी धरत नाही, धुतलेले कोरडे हात पुरतात आणि पकड चांगली राहते.

काही हलवण्याआधी समोरून आणि मागून फोटो काढून ठेवा. फ्लॅश बंद. चित्र फ्रेममधून काढताना कुठला खिळा कुठे होता हेही नंतर या फोटोंवरूनच कळतं.

छापील आहे का, हे आधी ठरवा

महाराष्ट्रात हा प्रश्न सोडून पुढे जाताच येत नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि घराघरात ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, पोचली. युरोपातूनही देखाव्यांचे ओलिओग्राफ येत. त्यांवर कॅनव्हासची वीण ठसवलेली असे आणि वरून वार्निश दिलेलं असे. चार फुटांवरून ते तैलचित्रच वाटतं.

भिंगातून आकाशाचा फिकट भाग बघा. छापील चित्रात रंगाचे ठिपके किंवा दाणे दिसतात आणि ते ढगातही तसेच, होडीतही तसेच. हातानं काढलेल्या चित्रात ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतात आणि एक रंग दुसऱ्यावर चढलेला दिसतो. मग खोली अंधारी करून टॉर्च एका बाजूनं, चित्राला जवळजवळ टेकवून धरा. लाटेच्या फेसावर पांढरा रंग जाड लावलेला असेल तर त्याची सावली पडते. ओलिओग्राफचा उठाव सगळीकडे सारखा असतो आणि चित्रातल्या आकारांशी त्याचा मेळ बसत नाही. फेस एकीकडे आणि उंचवटा भलतीकडे, असं दिसलं की समजावं.

पाठ वाचा

चित्राची समोरची बाजू बघणाऱ्यासाठी सजवलेली असते. पाठ कुणी सजवत नाही, म्हणून तिच्यावर माझा जास्त भरवसा.

मागे प्लायवूड किंवा खाकी कागद दिसला म्हणून निराश होऊ नका. तो बहुतेक वेळा इथल्याच एखाद्या फ्रेमवाल्यानं नंतर लावलेला असतो. कागदावर दुकानाचं नाव, घरातलं नाव, लग्नात भेट दिल्याची ओळ असेल तर कागद फाडू नका, कडेनं सोडवून जपून ठेवा. चित्र कुणाकुणाच्या घरातून आलं याचा तो एकमेव पुरावा असू शकतो. पाठीवरचा खडूचा आकडा किंवा स्टेन्सिलनं उमटवलेला क्रमांकही पुसू नका, लिलावगृहं असे क्रमांक घालत आली आहेत.

आतलं चित्र कशावर काढलं आहे ते आता बघा. कॅनव्हास असेल तर तो ताणलेल्या लाकडी चौकटीचे कोपरे तपासा. कोपऱ्यांत पाचरी ठोकायच्या खाचा असतील तर ती साधारण अठराव्या शतकाच्या मध्यानंतरची पद्धत, त्याआधीच्या चौकटींचे कोपरे पक्के जोडलेले असत. पाचरी सैल असल्या तरी ठोकू नका, जुना कॅनव्हास कडेनं फाटतो. कॅनव्हास चौकटीला स्टेपलच्या पिनांनी लावलेला असेल तर तो ताणण्याचं काम विसाव्या शतकातलं. गंजलेले बारीक खिळे असतील तर प्रत्येकाभोवती कापडावर तपकिरी वर्तुळ उमटलेलं असतं. खिळे नवे आणि शेजारी जुनी रिकामी भोकं असतील तर चित्र कधीतरी काढून पुन्हा ताणलेलं आहे. मागे कापडाचा दुसरा थर चिकटवलेला असेल तर जुना कॅनव्हास कमकुवत झाला म्हणून कुणीतरी त्याला आधार दिला आहे. खरी पाठ त्याखाली झाकली गेली, हे लिहून ठेवा. पूर्वी हा थर पिठाच्या खळीनं चिकटवत आणि आपल्या दमट हवेत त्या खळीला बुरशी आणि किडे लागतात.

लाकडाच्या फळीवर असेल तर मागच्या कडा तिरप्या तासलेल्या आहेत का बघा. डच ओकच्या फळ्यांना अशा कडा सर्रास असतात. गुळगुळीत तपकिरी हार्डबोर्ड असेल तर मात्र चित्र १९२० च्या दशकाआधीचं असूच शकत नाही.

माझं ग्रँट रोडचं चित्र मिलबोर्डवर निघालं, म्हणजे रंगाचं अस्तर दिलेल्या जाड पुठ्ठ्यावर. किनाऱ्यावर बसून रंगवायला असे छोटे पुठ्ठे सोयीचे, म्हणून लहान सागरचित्रं त्यांवर पुष्कळ सापडतात. पाठीवर कसरीनं खाल्लेलं एक कागदी लेबल होतं. इंग्रजी अक्षरांतलं ‘बोन प्लेस’ एवढं एका ओळीत वाचता आलं आणि वर ‘प्रिन्स अल्ब’. एवढ्यावर बरंच काही उभं राहतं. लंडनच्या रॅथबोन प्लेस या रस्त्यावर रंगसाहित्याची मोठी दुकानं होती. १८३२ मध्ये सुरू झालेलं विन्सर अँड न्यूटन ३८ नंबरला होतं आणि राउनीही त्याच रस्त्यावर. दुकानदार लेबलावर राजघराण्याचा आश्रय मिरवत. अल्बर्टचं व्हिक्टोरिया राणीशी लग्न झालं १८४० मध्ये आणि तो वारला डिसेंबर १८६१ मध्ये. म्हणजे पुठ्ठा या दोन दशकांतला.

लेबलाचा असाच कीस काढायचा असतो. राणीचा उल्लेख ‘हर मॅजेस्टी’ असेल तर व्हिक्टोरियाचा काळ, ‘हिज मॅजेस्टी’ असेल तर बहुधा १९०१ नंतरचा. विन्सर अँड न्यूटनच्या नावापुढे ‘लिमिटेड’ असेल तर १८८२ नंतरचा, कारण कंपनी त्या वर्षी लिमिटेड झाली. एक पथ्य मात्र पाळा. लेबल पुठ्ठ्याचं वय सांगतं, त्यावरच्या रंगाचं नाही. पुठ्ठा वीस वर्षं कपाटात पडून राहू शकतो आणि नकला करणारे जुने पुठ्ठे मुद्दाम शोधतात.

रंगाचा पृष्ठभाग

आता समोरून. वयानं आलेल्या भेगा रंगाच्या थरातून आरपार गेलेल्या असतात, जागोजागी कमीजास्त असतात आणि त्यांचं जाळं चित्रातल्या आकारांची पर्वा करत नाही. भेगांत काळं काहीतरी चोळलेलं दिसलं, किंवा भेगा फक्त वरच्या वार्निशपुरत्या असल्या तर सावध व्हा.

अंधारात जांभळी टॉर्च फिरवली की जुनं राळेचं वार्निश हिरवट, दुधाळ चमकतं आणि त्यावर नंतर केलेली डागडुजी गडद डाग म्हणून उठते. माझ्या चित्राच्या आकाशात डावीकडे रुपयाएवढा एक डाग उठला, तिथे कधीतरी रंग उडाला होता. नोटा तपासायच्या स्वस्त टॉर्चचा स्वतःचाच जांभळा उजेड जास्त असल्यामुळे बारकावे बुडतात, म्हणून डाग दिसला तर धरून चाला, दिसला नाही तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

रंगांच्याही जन्मतारखा असतात. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, कोबाल्ट निळा १८०२ पासूनचा, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकाच्या अखेरचा, टायटॅनियम पांढरा पहिल्या महायुद्धानंतर दुकानांत आलेला. १७०० सालचं म्हणून दाखवलेल्या चित्राच्या मूळ थरात टायटॅनियम पांढरा निघाला तर वाद संपला. पण हे नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याच्या फंदात पडू नका, त्याला प्रयोगशाळेतलं उपकरण लागतं. लहानशा चित्रावर तो खर्च कधी करायचा, हे पुढच्या टप्प्यावरून ठरतं.

सहीसाठी एकदा नीट शोध घ्याच. फ्रेमच्या ओठाखाली झाकलेली पाव इंचाची पट्टी बघा. तरंगणारी फळी, पिंप, बोया, होडीचा मागचा भाग, धक्क्याचे खांब बघा, कारण समुद्राचे चित्रकार आद्याक्षरं अशाच जागी लपवत. सही सापडली तर भिंग लावा. अक्षराचा रंग भेगेत उतरलेला असेल किंवा अक्षर वार्निशच्या वर बसलेलं असेल तर ती सही चित्र जुनं झाल्यावर कुणीतरी घातली आहे.

जहाज, झेंडा आणि वारा

माझ्या मते सागरचित्राची पारख इथेच ठरते. फुलदाणीच्या चित्राला तारीख लावणं अवघड, जहाजाला त्या मानानं सोपं, कारण जहाजं बदलत गेली आणि झेंडे कायद्यानं बदलले.

लढाऊ जहाजावर ब्रिटिश लाल निशाण असेल तर दृश्य १८६४ च्या आधीचं, कारण त्या वर्षापर्यंत शाही नौदलाच्या तुकड्या लाल, पांढरं आणि निळं अशी तीन निशाणं वापरत. त्यानंतर नौदलाकडे पांढरं राहिलं आणि लाल फक्त व्यापारी जहाजांकडे उरलं. निशाणाच्या कोपऱ्यातल्या युनियन जॅकमध्ये तिरप्या लाल पट्ट्या असतील तर १ जानेवारी १८०१ नंतरचं. पण लहान चित्रात तो कोपरा मुगाच्या दाण्याएवढा असतो, तिथे पट्ट्या नाहीत म्हणून चित्र अठराव्या शतकातलं ठरवणं घाईचं होईल. लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्या आणि कोपऱ्यात क्रॉस किंवा युनियन जॅक असेल तर ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज. अमेरिकेच्या झेंड्यावर हे लागू करायला जाल तर ताऱ्यांच्या संख्येकडेही बघा, मुंबईच्या बंदरात तीही जहाजं येत.

धुराकडे बघा. क्षितिजावर धुराची रेघ आणि जहाजाच्या कुशीला चाक दिसलं तर आगबोट. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये मुंबईहून सुएझला गेली, त्याआधीच्या मुंबईच्या दृश्यात आगबोट असणं कठीण. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबानं बांधलेल्या लढाऊ जहाजांपैकी १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही उभं आहे. त्या काळातलं जहाज कसं दिसे, दोर कसे असत, हे ताडून पाहायला त्याचे फोटो फार उपयोगी पडतात.

मग वारा. शिडं ज्या बाजूला फुगलीत, त्याच बाजूला झेंडा फडकतो का? धूर त्याच दिशेला जातो का? लाटांचा कल वाऱ्याला धरून आहे का? समुद्र पाहिलेला चित्रकार इथे चुकत नाही. घरी बसून छापील चित्रावरून नक्कल करणाऱ्याचा झेंडा शिडाच्या उलट उडतो आणि होडी पाण्यात बसण्याऐवजी पाण्यावर ठेवल्यासारखी दिसते. माझ्या चित्रातली होडी लाटेत बुडून बसली आहे. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, पाणी वर चढलंय आणि त्या पातळ हिरव्या पाण्यातून पलीकडचा उजेड आल्यासारखा वाटतो. अज्ञात असेल, पण ज्यानं हे काढलं तो त्या धक्क्यावर वाऱ्यात उभा राहिला होता, याबद्दल मला शंका नाही.

पुढे कललेली डोलकाठी आणि तिरकं त्रिकोणी शीड दिसलं तर आपल्या किनाऱ्याचा विचार करा. फत्तेमारी, मचवा, गलबत यांच्या डोलकाठ्या अशा पुढे झुकतात. तिरकी शिडं भूमध्य समुद्रातही असतात, त्यामुळे मागचे डोंगर, किल्ला, दीपस्तंभ तपासा. कुलाब्याच्या टोकाजवळचा प्राँग्स दीपस्तंभ १८७५ चा आहे. चित्रात तो असेल तर खालची तारीख मिळाली, म्हणजे चित्र त्याआधीचं नाही. होडीचा प्रकार ओळखता येत नसेल तर फोटो घेऊन एखाद्या कोळीवाड्यात जुन्या जाणत्या नाखव्याला भेटा. शीड बांधण्याच्या पद्धतीवरून होडी कुठली हे तो सांगू शकतो, पुस्तकात ते सापडेलच असं नाही.

कुठल्या परंपरेतलं

मुंबईच्या जुन्या घरांत सापडणाऱ्या बिनसहीच्या समुद्रदृश्यांत एक प्रकार मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा, त्यात पारशी शेठ आघाडीवर, एकोणिसाव्या शतकात कापूस आणि अफूच्या निमित्तानं चीनशी मोठा व्यवहार होता. येताना ते कॅन्टन, व्हाम्पोआ, मकाव, हाँगकाँग यांची तैलचित्रं घेऊन येत, अनेकदा चारचा संच. गुळगुळीत रंग, बारीक रेघा, काचेसारखं पाणी आणि काठाला परदेशी वखारींची पांढरी रांग, समोर देशोदेशीचे झेंडे. कॅन्टनच्या या वखारी डिसेंबर १८५६ मध्ये जळाल्या आणि त्या जागी पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, त्यामुळे त्या प्रत्यक्ष पाहून काढलेलं चित्र त्याआधीचं. अशा चित्राला सही नाही म्हणून कमी लेखलं तर मोठी चूक होईल.

दुसरा प्रकार ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या जलरंगांचा. लंडनजवळच्या ॲडिस्कोम्बच्या शाळेत कंपनीच्या कॅडेटांना चित्रकला शिकवली जाई, कारण नकाशे आणि किल्ल्यांची दृश्यं काढणं हे कामाचाच भाग होतं. त्यांच्या वह्यांतली पानं सुटून फ्रेममध्ये गेली. डच आणि इंग्लिश परंपरेसाठी ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाचा आणि हेगच्या आरकेडी या कला-इतिहास संस्थेचा चित्रसंग्रह घरबसल्या बघता येतो. तिथे आपल्या चित्रातला धक्का, होडी, ढगांची मांडणी जुळते का ते तासभर बसून शोधा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आहेत. खऱ्या जुन्या वार्निशचा रंग डोळ्यांत बसवायला ती प्रत्यक्ष बघावीत.

नाव लावायची भाषा

लिलावाच्या कॅटलॉगमधले शब्द एकसारखे वाटतात, पण त्यांत किमतीची उतरंड असते. नुसतं चित्रकाराचं नाव असेल तर लिलावगृहाच्या मते चित्र त्याचंच. ‘ॲट्रिब्युटेड टू’ म्हणजे बहुधा त्याचं. ‘स्टुडिओ ऑफ’ म्हणजे त्याच्या चित्रशाळेतलं, कदाचित त्याच्या देखरेखीखालचं. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या प्रभावाखालच्या कुणाचं तरी. ‘फॉलोअर ऑफ’ म्हणजे त्याच्या शैलीत काम करणारा, पण शिष्य असेलच असं नाही. ‘मॅनर ऑफ’ म्हणजे शैली त्याची, काळ नंतरचा. ‘आफ्टर’ म्हणजे नक्कल. विक्रेता तोंडी मोठं नाव घेत असेल तर यांतला कुठला शब्द बिलावर लिहून देणार, एवढंच विचारा.

किंमत

किंमत एक नसते. विम्यासाठीची किंमत म्हणजे तसंच चित्र दुकानातून पुन्हा घ्यायला लागेल ती, सगळ्यात चढी. लिलावात मिळेल ती त्याहून कमी. व्यापारी हातावर रोख ठेवेल ती आणखी कमी, कारण त्याला पुढे विकायचं असतं. मूल्यांकन मागताना कशासाठी हवं ते आधी सांगा.

तुलना करताना झालेल्या विक्रीचे आकडे बघा, मागितलेल्या किमतींचे नाही. लिलावात हातोडा पडून ठरलेल्या रकमेवर खरेदीदाराला साधारण पाव भाग किंवा त्याहून जास्त प्रीमियम, म्हणजे लिलावगृहाचं शुल्क, द्यावा लागतो, आणि काही ठिकाणी छापलेला आकडा प्रीमियम धरून असतो. आकार, काळ, परंपरा आणि स्थिती जवळपास सारखी असलेली पाच-सहा चित्रं शोधा. ओळखू येणारं बंदर, नाव वाचता येणारं जहाज किंवा लढाई यांना नुसत्या लाटांपेक्षा जास्त मागणी असते. जुनी मूळ फ्रेम स्वतःच मोलाची असू शकते. खरा सोन्याचा वर्ख नक्षीच्या खोलगट जागीही पिवळा राहतो, ब्राँझचा रंग मात्र काळपट-हिरवा पडतो.

लिलावगृहांना फोटो पाठवताना पूर्ण समोरची बाजू, पूर्ण पाठ, चारही कोपरे, लेबल आणि बाजूच्या उजेडातला एक फोटो पाठवा, मापं इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये द्या. जो जागेवर पैसे द्यायला तयार आहे, त्याच्याकडून मूल्यांकन घेऊ नका. स्वच्छता किंवा डागडुजी करायचीच असेल तर प्रशिक्षित संवर्धकाकडे जा. वर सांगितलेल्या वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे.

कायदा

भारतात १९७२ चा अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट लागू आहे. शंभर वर्षं पूर्ण झालेलं चित्र, मग ते लंडनला काढलेलं असलं तरी, इथे पुरावस्तू ठरतं. अशा चित्रांची नोंदणी करावी लागते, त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि केंद्र सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाही ती देशाबाहेर नेता येत नाहीत. न्यू जर्सीच्या भाच्याच्या बॅगेत आजोबांचं चित्र घालून देणं हा गुन्हा आहे. चित्र शंभर वर्षांच्या आतलं असेल आणि बाहेर न्यायचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या.

नोंद

शेवटी एक कार्ड लिहा. ते चित्राला चिकटवायचं नाही, पाकिटात घालून फ्रेमच्या मागच्या फळीला दोऱ्यानं बांधायचं. माझ्या चित्राचं कार्ड असं आहे: ‘मच्छीमार होडी, धक्का आणि ब्रिग. इंग्लिश परंपरा, चित्रकार अज्ञात, अंदाजे १८४० ते १८७०. मिलबोर्डवर तैलरंग, ९ गुणिले १३ इंच. मागे रॅथबोन प्लेसचं फाटकं लेबल. आकाशात डावीकडे जुनी डागडुजी. वार्निश पिवळं, साफ केलेलं नाही. ग्रँट रोडच्या घरातून.’